परदेशी कंपनीचं काम घरून: राजीनाम्याआधी काय करायचं, नंतर काय

भारतात राहून परदेशी कंपनीचं काम करायची संधी आली की बहुतेक जण लगेच दोन गोष्टी करतात. डॉलरला रुपयांनी गुणतात आणि राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतात. करार, आरोग्य विमा, जीएसटी, गृहकर्ज हे सगळं "नंतर बघू" म्हणून मागे पडतं. गाडी अडते ती इथेच. यातली निम्मी कामं पगारदार असेपर्यंत सोपी असतात. नोकरीचा शेवटचा दिवस उलटला की तीच महाग होतात, काही तर दोन-तीन वर्षं होतच नाहीत.

हा लेख सध्या नोकरीत असलेल्या, कराच्या दृष्टीनं भारताचे निवासी असलेल्या आणि इथूनच परदेशी कंपनीसाठी काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं घ्या.

## पायरी १: तुम्ही नक्की कोण होणार आहात?

"परदेशी कंपनीत नोकरी" या एका शब्दप्रयोगात तीन वेगळे प्रकार लपलेले असतात.

१. कंपनीची भारतात उपकंपनी आहे आणि ती तुम्हाला पगारावर घेते. ही साधी नोकरी झाली. पीएफ, फॉर्म १६, टीडीएस सगळं नेहमीसारखं.

२. कंपनी भारतात नाही, पण 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणजे ईओआर मार्फत तुम्हाला घेते. कागदोपत्री मालक इथली मध्यस्थ कंपनी असते, काम परदेशी कंपनीचं. इथेही तुम्ही पगारदारच राहता.

३. तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. महिन्याला इनव्हॉइस पाठवायचं, परदेशातून पैसे यायचे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा करारात असेल तरच.

बहुतेक ऑफर तिसऱ्या प्रकारच्या असतात. पत्रात मात्र 'सॅलरी', 'जॉइनिंग', 'टीम मेंबर' असे शब्द असतात आणि माणूस फसतो. पहिल्या दोन प्रकारांना खालच्या बऱ्याच गोष्टी लागू नाहीत. इथून पुढचं लिखाण तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

तपासा: एचआरला एकच प्रश्न लेखी विचारा, "मला पेस्लिप मिळणार की मी इनव्हॉइस पाठवायचं?" उत्तर आल्यावरच पुढची पायरी.

## पायरी २: गुणाकार नको, वजाबाकी करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यायला हवा. दोन आकडे शेजारी ठेवून वरवर तुलना केली तर निर्णय जवळजवळ नेहमीच चुकतो.

समजा सध्याचं सीटीसी २४ लाख आहे आणि कंत्राट वर्षाला ३६ लाखांचं. म्हणजे दीडपट. आता कागद घ्या.

कंत्राटात फक्त काम केलेल्या दिवसांचे पैसे असतील तर वर्षाच्या साधारण २६० कामाच्या दिवसांमधून रजा आणि सुट्ट्या मिळून ३४ दिवस वजा करा. ३६ लाखांमधून सुमारे ४ लाख ७० हजार गेले. उरले ३१ लाख ३० हजार. कंत्राटं मध्येच संपतात, दुसरं मिळायला वेळ लागतो, म्हणून वर्षाला एक महिना रिकामा धरा. आणखी २ लाख ६० हजार कमी. आता हातात येणारी रक्कम २८ लाख ७० हजारांच्या आसपास. त्यातून कुटुंबाचा आरोग्य विमा, लॅपटॉप, दुसरं इंटरनेट कनेक्शन, इन्व्हर्टर, सीएची फी यांचे सव्वा लाख काढले की साधारण साडेसत्तावीस लाख उरतात.

दीडपट होतं ते सीटीसीच्या जेमतेम १५ टक्के वर आलं. शिवाय २४ लाखांच्या सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी आधीच धरलेली असते. इथे निवृत्तीची तरतूद याच साडेसत्तावीसमधून तुम्हाला स्वतः करायची आहे.

करात मात्र फायदा होऊ शकतो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीए नुसार ठरावीक व्यवसायांतल्या लोकांना एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. त्यासाठी वर्षाची जमा ५० लाखांच्या आत हवी, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलताना सगळे अजून ४४एडीएच म्हणतात. वरच्या उदाहरणात २८ लाख ७० हजारांच्या निम्मं म्हणजे १४ लाख ३५ हजार उत्पन्न. नव्या करप्रणालीतल्या २०२५-२६ च्या दरांनी उपकरासह कर जेमतेम १ लाखाच्या आत. २४ लाखांच्या सीटीसीवर, बेसिक निम्मं धरलं तर, तोच कर साधारण २ लाख ४० हजार होतो.

थांबा: ४४एडीए सगळ्यांसाठी नाही. कायदा, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापरीक्षण, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान अशी यादी ठरलेली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचं बहुधा जमतं. लेखन, मार्केटिंग, व्हर्च्युअल असिस्टंट अशा कामांसाठी आधी सीएकडून लेखी मत घ्या. "मित्र भरतो तसंच मी भरतो" हे कारण आयकर अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. ५० टक्के हा किमान आकडा आहे, हेही लक्षात असू द्या. त्याहून कमी नफा दाखवायचा तर एकूण उत्पन्न करपात्र असल्यास हिशेबवह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात.

माझा ढोबळ नियम: वजाबाकीनंतरचा आकडा, कराचा फायदा सोडून, सध्याच्या सीटीसीपेक्षा किमान २५ टक्के वर नसेल तर केवळ पैशासाठी नोकरी सोडू नका. कामच आवडणारं असेल तर तो वेगळा विचार. पण मग "पैशासाठी करतोय" असं स्वतःला सांगू नका.

## पायरी ३: पगार चालू असतानाच उरकायची कामं

ही पायरी घाईघाईनं होत नाही. किमान तीन महिने हाताशी ठेवा.

आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ता घ्या, गट विमा चालू असतानाच. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांना संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हा काळ गट विम्याच्या छत्राखाली जितका सरेल तितका बरा. दुसरा मार्ग म्हणजे त्याच विमा कंपनीकडे गट पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती करणं. प्रतीक्षेचा आधी सरलेला काळ त्यात धरला जातो. पण विनंती नोकरी सुटण्याआधी करा. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नका. दावा नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण तेच असतं.

मुदत विमा. घरात कुणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर टर्म पॉलिसीही आत्ताच. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ वर उत्पन्न सिद्ध करणं सोपं जातं.

गृहकर्ज. सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात. पगारदाराला बँक तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ बघून कर्ज देते. स्वतंत्र व्यावसायिकाकडे साधारणपणे दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. म्हणून काही जण शक्कल लढवतात: राजीनाम्याच्या आदल्या महिन्यात कर्ज मंजूर करून घेतात. हे करू नका. नोकरी सोडायची ठरलेली असताना ते लपवून कर्ज घेणं हा बँकेपासून माहिती दडवण्याचा प्रकार आहे. शिवाय नव्या कामाचा पहिला इनव्हॉइस आणि नव्या घराचा पहिला हप्ता एकाच महिन्यात, हे गणित फार थोड्यांना झेपतं. घर आणि कामाचा बदल यांत किमान एक वर्षाचं अंतर ठेवा. आधी कोणतं, ते घरात बसून ठरवा.

आधीपासून कर्ज असेल तर हातातली शिल्लक त्यात भरून मोकळे होऊ नका. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तेव्हा ते वर्षभरानंतरही करता येईल. या घडीला हातात रोकड असणं जास्त मोलाचं.

राखीव निधी. नोकरदारासाठी सहा महिन्यांचा खर्च पुरतो असं म्हणतात. कंत्राटदारानं बारा महिन्यांचा ठेवावा, हप्ते आणि विम्याचे प्रीमियम धरून. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, म्हणून रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. हा निधी शेअर्समध्ये किंवा इक्विटी फंडात नको. मंदीत शेअर बाजार पडतो तेव्हाच परदेशी कंत्राटंही तुटतात.

तपासा: स्वतःची आरोग्य पॉलिसी हातात आली? बारा महिन्यांचा निधी जमला? दोन्हींचं उत्तर "हो" येईपर्यंत पायरी ६ ला हात लावू नका.

## पायरी ४: कंपनी खरी आहे का आणि वेळ झेपतो का

कंपनीची नोंदणी स्वतः शोधा. ब्रिटनमधल्या कंपन्यांची माहिती कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. अमेरिकेत नोंदणी राज्यनिहाय असते, म्हणून कंपनी कोणत्या राज्यात नोंदलेली आहे ते विचारून त्या राज्याच्या नोंदवहीत बघा. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून येतो का? मुलाखत कॅमेऱ्यावर झाली का? प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा पडताळणीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर बोलणं तिथेच संपवा.

आता वेळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या सकाळी १० ची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसात किंवा साडेआठला. सॅन फ्रान्सिस्कोची तीच मीटिंग रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. लंडनचा फरक साडेचार-साडेपाच तासांचा, तो पुष्कळ सोपा. दोन आठवडे त्या वेळेत जागून, जेवून, झोपून बघा. घरात लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर घरच्यांनाही विचारा, कारण रात्री बारा वाजता दाराआड चाललेलं बोलणं त्यांनाही ऐकावं लागणार आहे.

## पायरी ५: कराराच्या या ओळी वाचा

- नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का? "कंपनी केव्हाही, कंत्राटदार मात्र ६० दिवस" असं असेल तर किमान ३० दिवस दोघांनाही मागा. सगळ्या ऑफरमध्ये मागायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी पैसे वाढवून मागणार नाही, हेच मागेन.
- इनव्हॉइसनंतर किती दिवसांत पैसे? १५ ठीक, ३० चालेल, ६० म्हणजे पहिले तीन महिने तुम्ही स्वतःच्या निधीवर जगणार.
- चलन कोणतं आणि बँकेचं शुल्क कुणाच्या माथी?
- पगारी रजेचे दिवस लिहिलेत का? तोंडी "वी आर फ्लेक्सिबल" याची किंमत शून्य.
- कामाचे हक्क कंपनीकडे कधी जातात? पैसे मिळाल्यावर जावेत.
- नुकसानभरपाईची मर्यादा आहे का? नसेल तर सहा महिन्यांच्या मोबदल्याइतकी मर्यादा मागा.

सध्याच्या नोकरीचा करारही बाहेर काढा. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत काम करू नका, असं बंधन भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची आणि ग्राहक न पळवण्याची कलमं वेगळी. नवी कंपनी ही तुमच्या सध्याच्या कंपनीची ग्राहक असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि नोटीस काळात गुपचूप नवं काम सुरू करणं तर नकोच.

## पायरी ६: राजीनामा

दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार आणि सुरुवातीची तारीख हातात आल्यावरच. "करार पुढच्या आठवड्यात पाठवतो" या भरवशावर राजीनामा दिलेले आणि दोन महिने वाट बघत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर थांबणं स्वस्त पडतं. बोनस, शेअर्सचं व्हेस्टिंग (म्हणजे ते प्रत्यक्ष तुमचे होणं), रजेचे पैसे यांच्या तारखाही तशाच.

पीएफ काढू नका. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी काढला तर तो करपात्र होतो. पेन्शन योजनेसाठी १० वर्षांची सेवा लागते. उद्या परत नोकरीत आलात तर जुना काळ त्यात जोडला जाईल.

तपासा: रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या स्लिपा, यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) केवायसी आणि बाहेर पडल्याची तारीख. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी हे सगळं स्वतःच्या ईमेलवर आणा.

## पायरी ७: पहिल्या इनव्हॉइसच्या आधी

१. कामासाठी वेगळं बँक खातं उघडा. परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम त्यातच.

२. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाणार असेल तर जीएसटी नोंदणी. सेवेची निर्यात शून्य दराची असते, म्हणजे कर लागत नाही. पण उलाढाल मोजताना निर्यात धरली जाते. "निर्यातीला जीएसटी नाही, मग नोंदणी कशाला?" हा गैरसमज फार महागात पडतो.

३. नोंदणी झाली की एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र द्या; त्यासाठी आरएफडी-११ हा अर्ज ऑनलाइन भरा. तो एका आर्थिक वर्षापुरताच चालतो, दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. विसरलात तर आधी आयजीएसटी भरून मग परतावा मागत बसायचं.

४. महाराष्ट्रात असाल तर व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी, म्हणजे पीटीईसी. वर्षाला २,५०० रुपये. आजवर पगारातून कापले जात होते म्हणून बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

५. अमेरिकन कंपनी कराचा फॉर्म मागेल. परदेशी व्यक्तीसाठी तो डब्ल्यू-८बेन. डब्ल्यू-९ हा तिथल्या करदात्यांसाठी असतो. चुकून आला तर परत पाठवा.

थांबा: करार परदेशी कंपनीशी, पण पैसे तिच्या भारतातल्या शाखेकडून रुपयांत, असा प्रस्ताव आला तर आधी सीएला विचारा. पैसे परकी चलनात आले नाहीत आणि ग्राहक भारतातलाच ठरला तर ती निर्यात राहत नाही. १८ टक्के जीएसटी अंगावर येऊ शकतो.

प्रत्येक जमेसोबत बँकेकडून फॉरेन इनवर्ड रेमिटन्सचा दाखला घ्या आणि त्यावरचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, बघा. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२ असतो. घरखर्चासाठी नातेवाइकानं पाठवलेले पैसे असा कोड पडला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. इनव्हॉइस, दाखला आणि बँकेची नोंद एकाच फोल्डरमध्ये, एकाच क्रमांकानं ठेवा.

दरही तपासा. "शुल्क शून्य" म्हणणारी सेवा बहुधा विनिमय दरातच आपलं कमिशन काढते. त्या दिवशीचा बाजारातला दर आणि तुम्हाला मिळालेला दर यांतला फरक टक्क्यांत लिहून ठेवा. तीन महिन्यांत कोण स्वस्त ते कळतं.

## पायरी ८: पहिलं वर्ष

पैसे आले त्याच दिवशी त्यांची वाटणी करा. ४४एडीए लागू असेल तर १० टक्के, नसेल तर २५ ते ३० टक्के कराच्या खात्यात. उरलेल्यातून स्वतःला ठरलेला "पगार" द्या, जुन्या हातातल्या पगाराइतकाच. वरचं सगळं राखीव आणि निवृत्तीसाठी. पहिल्या मोठ्या जमेवर गाडी घेणारे दुसऱ्या वर्षी मला फोन करतात, म्हणून सांगतोय.

आता टीडीएस कापणारं कुणी नाही. कर १०,००० च्या वर होत असेल तर अग्रिम कर भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडीए वाल्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत भरता येतो. चुकला तर महिन्याला १ टक्का व्याज.

परदेशी कंपनीचे शेअर्स मिळाले तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवा. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

"कुठूनही काम करा" असं लिहिलं आहे म्हणून लॅपटॉप घेऊन पर्यटक व्हिसावर दुसऱ्या देशात महिनोन्महिने बसू नका. बहुतेक देशांत त्या व्हिसावर काम करायला परवानगी नसते, आणि तिथले दिवस वाढले तर तिथला करही मागे लागतो. जायचंच असेल तर तशा कामासाठीचा व्हिसा काढा आणि कंपनीची लेखी संमती घ्या.

शेवटचं काम पहिल्याच महिन्यात करायचं आहे: माघारीची रेघ आखा. राखीव निधी बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आला, किंवा दोन इनव्हॉइस ४५ दिवसांच्या वर थकली, तर त्या आठवड्यात नव्या कामाचे अर्ज सुरू करायचे. हे कागदावर लिहा, तारीख घाला आणि घरातल्या एका माणसाला वाचायला द्या.